जमिनीखालून येणारा आवाज

आमच्या राजाजीनगरच्या घरात मागच्या पडवीत एक रुब्बगुंडू होता. इडली-दोशाचं पीठ वाटायचा दगडी रगडा. उखळ जमिनीत पुरलेली आणि वरचा जड गुंडा दोन्ही हातांनी फिरवायचा. दुपारची काफी झाली की आई पदर खोचून त्याच्यासमोर बसायची. तो फिरू लागला की घराच्या लाल फरशीतून एक जाड आवाज निघे, कानाला कमी आणि तळपायाला जास्त लागणारा. मला आणि माझ्या धाकट्या भावाला त्या आवाजाचा अर्थ एकच ठाऊक होता, उद्या सकाळी दोसे. पण आईनं तांदळाचं पातेलं उचललं की अक्का हातातलं काम ठेवून उठायची आणि अंगणात जाऊन उभी राहायची. पारिजातकाची वाळकी पानं काढत असल्यासारखं करायची. वाटण संपून आईनं गुंडा धुतला, पाण्याचा आवाज आला, की परत आत. आई तिला काही विचारत नसे. आम्हीही विचारत नसू. घरात काही गोष्टी खांबासारख्या असतात, त्यांना वळसा घालून जायची सवय होते.

अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरातलं. कुणा पूर्वजाच्या घोड्यामागून इकडे आलो आणि राहिलो, एवढंच आम्हाला सांगता यायचं. घरात मराठी बोलायचो, पण ती आमची, स्वल्प इकडची. ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हटल्याशिवाय आमचं कुठलंच बोलणं संपत नसे. अक्काला मात्र लांब सातारच्या बाजूला दिलं होतं, दूरच्या नात्यातलं स्थळ चालून आलं म्हणून. तिचे यजमान कोयनेच्या धरणावर कारकून होते. तो मोठा भूकंप झाला त्या पहाटे त्यांच्या क्वार्टरची भिंत पडली आणि अक्का एकटी परत आली. मी तेव्हा लहान होते. मला आठवतं ते एवढंच, की अण्णा तिला स्टेशनावरून घेऊन आले तेव्हा तिच्या हातात सामान म्हणून काहीच नव्हतं आणि ती आमच्या दारात उभी राहून वर चौकटीकडे बघत होती.

ती तिकडून वेगळी मराठी घेऊन आली होती. आमच्या हुळीला, म्हणजे सांबाराला, ती कालवण म्हणायची, आणि आम्ही दोघं फिदीफिदी हसायचो. तीही हसायची. अक्का उदास बाई नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण अशा बायकांविषयी लिहिताना लेखणी आपसूक उदासीकडे वळते. हिवाळ्यात अवरेकाळूच्या शेंगा आल्या की सगळं घर दाणे सोलायला बसे, आणि अक्का शेजारपाजारच्या बायकांच्या चालण्या-बोलण्याच्या इतक्या हुबेहूब नकला करायची की आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. फक्त ती दाराजवळच्या खाटेवर झोपायची, दाराला आतून कडी लावू द्यायची नाही, आणि रस्त्यावरून एखादी भरलेली लॉरी गेली की बोलता बोलता थांबायची. लॉरी लांब गेली की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे चालू. आपल्या यजमानांचा विषय ती काढत नसे. घरात त्यांचा उल्लेख ‘अक्काच्या घरचे’ असा व्हायचा. त्यांचं नाव काय होतं हेसुद्धा मला सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

अण्णा कंटोन्मेंटातल्या एका थिएटरचे मॅनेजर होते. तिथे इंग्रजी पिक्चर लागत. बी.ए. होऊन हे असलं काम, म्हणून जयनगरचे आमचे नातेवाईक नाकं मुरडत, पण अण्णांना त्याचं काही नसे. त्यांचा जीव पडद्यापेक्षा आवाजात जास्त होता. जेवताना ते आम्हाला सांगत, की त्यांच्या वडिलांच्या लहानपणी नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या, तेव्हा ढगांचा गडगडाट करायला विंगेत एक माणूस लांबलचक पत्रा धरून हलवायचा, आणि दुसरा लाकडी पेटीत दगडगोटे लोळवायचा. “त्या लोकांना कळलं होतं,” अण्णा म्हणायचे, “की गडगडाट कानानं ऐकायचा नसतो, पोटानं ऐकायचा असतो. बोलपट आले आणि लोक ते विसरले.” थिएटरातले कर्णे माणसांचं बोलणं छान ऐकवत, गाणी ऐकवत, पण तोफ उडाली तर कुणीतरी खोकल्यासारखं वाटे. हे अण्णांचं दुःख होतं, आणि ते खरं दुःख होतं. आई म्हणायची, “जगात लोकांना काय काय त्रास असतात, आणि ह्यांना तोफेचा.”

मग एकदा मद्रासहून लॉरीतून खोकी आली. परदेशात भूकंपावर एक पिक्चर निघाला होता, आणि त्याच्याबरोबर थिएटर हलवून सोडणारी आवाजाची नवी तऱ्हा. ती थोड्याच ठिकाणी बसवणार होते, आणि अण्णांनी मालकांच्या मागे लागून ती आमच्याकडे आणवली होती. खोकी कसली, कपाटंच ती, माणूस आत उभा राहील एवढी, काळ्या रंगाची. पुढच्या खुर्च्यांच्या रांगा उखडून काही पडद्याखाली ठेवली, काही मागच्या कोपऱ्यांत. अण्णा घरी येऊन ताटातल्या भातात बोटानं रेघा काढून आईला दाखवायचे, कुठे काय ठेवलं. गंमत अशी होती की तो आवाज फिल्मवर नव्हताच. फिल्मवर नुसता इशारा असायचा, आणि तो मिळाला की एक वेगळं यंत्र घरघराट तयार करून खोक्यांत सोडायचं. इतका खालचा आवाज फिल्मच्या कडेच्या बारीक पट्टीत मावतच नसे म्हणे. तो हलवून सोडेल म्हणून अण्णांनी छताखाली आडवी जाळी बांधून घेतली होती, प्लास्टरचे पोपडे प्रेक्षकांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. आमच्या गल्लीत या जाळीची फार चर्चा झाली. पिक्चरपेक्षा जाळीच बघायला येतो, असं शेजारचे काका म्हणाले होते.

परवा मुलगा आणि सून मला सर्जापूर रोडवरच्या मॉलमध्ये पिक्चरला घेऊन गेले. खुर्ची आडवी होणारी, पायावर घ्यायला शाल. पडद्यावर काहीतरी कोसळलं आणि माझ्या हातातला कागदी पेला थरथरला. सून पुण्याची, माझी काळजी करणारी. तिनं वाकून विचारलं, “आई, बेस फार होतोय का? बाहेर जाऊ या?” मी मानेनं नको म्हटलं. आता हा आवाज सगळीकडे असतो. मोटारीतून जाणारी पोरं तो बरोबर घेऊन फिरतात, सिग्नलला आपल्या काचा हलतात. माझ्या शेजारी माझा नातू त्या गडगडाटात निवांत पॉपकॉर्न खात होता. त्याला दोष नाही. पण हा आवाज पहिल्यांदा अंगात शिरला तेव्हा काय झालं होतं, ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

पिक्चर लागायच्या आधी एका सकाळी अण्णांनी चाचणी ठेवली होती. खोकी कुठे फिरवायची, आवाज किती ठेवायचा ते बघायला. मला ते नेणारच होते. आदल्या दिवशी जेवणं होत आली तेव्हा अक्का म्हणाली, “मीपण येते.”

अण्णांचा हात ताटातच थांबला. “अक्का, तो पिक्चर कशावर आहे ठाऊक आहे ना तुला?”

“आहे. पेपर वाचता येतो मला.”

“मग कशाला? दुसरा लागला की ने‌तो. हा तुझ्यासाठी नाही.”

“हाच माझ्यासाठी आहे, शीनू,” अक्का म्हणाली. अण्णांचं नाव श्रीनिवास, आणि त्यांना शीनू म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. “सगळं शहर बघणार आणि मी तेवढी घरात बसणार, असं का? माझ्याइतकं कुणाला कळणार आहे त्यातलं?”

अण्णा आईकडे बघू लागले. आई भांडी उचलता उचलता म्हणाली, “जाऊ द्या त्यांना. आपली उषा असेल शेजारी. नाही सोसलं तर दोघी बाहेर येऊन बसतील.” आईनं इतकं सोपं करून टाकल्यावर अण्णा तयार झाले. त्या रात्री ते बराच वेळ अंगणात फेऱ्या घालत होते, एवढं मला माहीत आहे.

सकाळचं रिकामं थिएटर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दिवे लावलेले, खुर्च्यांचं रेक्झिन कुठे कुठे फाटलेलं, हवेत लाकडाच्या भुशाचा वास. दोन सुतार, वर खोलीत ऑपरेटर, आणि आम्ही. अण्णांनी आम्हाला दाराजवळच्या रांगेत बसवलं आणि अक्काला म्हणाले, “दार उघडंच ठेवतो.” मग दिवे गेले. अण्णांनी भूकंपाचंच रीळ लावायला सांगितलं होतं.

सुरुवातीला आवाज असा आलाच नाही. मांडीखालची खुर्ची जिवंत झाल्यासारखी वाटली. मग पोटात कुणीतरी जड काहीतरी ओढत नेत आहे असं, मग दातांत, मग अक्काच्या आणि माझ्या बांगड्या आपोआप किणकिणायला लागल्या, आणि त्यानंतर कुठे माझ्या कानांना कळलं की आपण ऐकतो आहोत. पडद्यावर इमारती पडत होत्या, माणसं पळत होती, पण ते मला दिसलंच नाही, कारण मी अक्काकडे बघत होते. ती पळाली नाही. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तिची मान ताणलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तोंड उघडं. मला वाटलं ती रडते आहे. मग ओठ हलताना दिसले. ती काहीतरी म्हणत होती, तेच तेच पुन्हा, पूर्ण ताकदीनं. मी तिच्या कोपराला लागून होते, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

रीळ संपलं. दिवे लागले. जाळीत खरोखरच दोन-चार पोपडे पडले होते आणि सुतार वर बघून हसत होते. अक्कानं माझा हात धरला आणि मला बाहेर व्हरांड्यात नेलं. पोस्टरांच्या काचेसमोर एक बाकडं होतं, तिथे बसवलं.

“मी काय म्हणत होते?” तिनं विचारलं.

“कुठे?”

“आत. आवाज चालू होता तेव्हा. काय ऐकलंस?”

“काहीच नाही, अक्का. तोंड हलताना दिसलं नुसतं.”

“अगं, ओरडत होते मी. घसा बघ माझा.” तिचा आवाज खरंच बसला होता. “शेजारी होतीस. खरं सांग.”

“खरंच नाही ऐकू आलं.”

एवढ्यात अण्णा घाबरेघुबरे बाहेर आले. अक्कानं त्यांनाही बाकड्यावर बसवलं आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते सांगितलं. ती पहाटे बंब पेटवायला मागच्या अंगणात गेली होती. आधी आवाज आला. जमिनीखालून. तिला वाटलं धरणावरचा डंपर येतो आहे, म्हणून ती दिवे दिसायची वाट बघत राहिली. मग पायाखालची जमीन सरकली तेव्हा तिनं घराकडे तोंड करून हाक मारली. “अहो म्हणाले मी,” ती म्हणाली. “अहो, उठा, अहो. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? जीभच वळत नव्हती. अहो काय, कुणालाही म्हणतात. झोपेतल्या माणसाला अहो ऐकू येतं होय? नाव घेऊन ओरडले असते तर उठले असते. मी लाजले म्हणून ते गेले, शीनू. तेव्हापासून मी हेच घेऊन बसले आहे.”

अण्णा तिच्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, “मला ते रीळ पुन्हा चालवायचंच आहे. मागची खोकी फिरवायची आहेत.”

“मग चालव,” अक्का म्हणाली. “आणि तू मध्ये बस, डोळे मिटून. तिथपासून दारापर्यंत जेवढं अंतर आहे ना, आमची खाट अंगणापासून तेवढीच लांब होती. मी दारातून हाक मारते. ऐकू आली तर हात वर कर. मला बरं वाटावं म्हणून खोटं करायचं नाही. शपथ आहे.”

खोकी फिरवून झाल्यावर अण्णा मधल्या रांगेत जाऊन बसले. अक्का दारात उभी राहिली, उजेडाकडे पाठ करून. मी तिच्यामागे. घरघर सुरू झाली. दाराची कडी थडथडू लागली. अक्कानं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि हाक मारली. एवढ्या जवळूनही मला तिची पाठ हलताना दिसत होती, आवाज नाही. समोर अंधारात अण्णांचं डोकं काळं दिसत होतं, स्थिर. तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा. अण्णांचा हात खाली होता. तिचा पदर खांद्यावरून घसरला, ते तिला कळलं नाही. मग पडद्यावरचा भूकंप एकाएकी थांबला, घरघर कापून टाकावी तशी बंद झाली, आणि तिची शेवटची हाक त्या शांततेत सापडली. “माधव,” असा एक चिरका, पूर्ण उघडा आवाज त्या रिकाम्या थिएटरभर गेला आणि पडद्यापर्यंत जाऊन थांबला. सुतारांनी मागे वळून पाहिलं. अण्णांनी हात वर केला.

दिवे लागल्यावर ते आमच्याकडे चालत आले. त्यांचा चेहरा ओला होता.

“शेवटची ऐकली,” ते म्हणाले.

“त्याच्या आधीची?”

“नाही, अक्का. एकही नाही. शपथेवर सांगतो.”

ती तशीच उभी राहिली. मग पदर नीट केला. “सरी,” म्हणाली. “सरी.”

आता या वयात मला कळतं की त्या प्रयोगानं काहीच सिद्ध होत नव्हतं. लाकडी खोक्यांतून निघणारा आवाज आणि जमिनीच्या पोटातून निघणारा आवाज सारखे कसे असतील? मी पुढे एकदा तिला तसं विचारलंही होतं. ती म्हणाली, “तसाच नव्हता गं. तो आणखी खालचा होता, आणि त्याला वास होता. पण हा होता त्याचाच भाऊ.” ती पुढेही दाराजवळच झोपत राहिली, अगदी शेवटपर्यंत, आणि रुब्बगुंडू सुरू झाला की अंगणातही जात राहिली. भीती भीतीच्या जागी होती. गेलं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते गेलं म्हणजे काय झालं, ते मला त्याच दिवशी जवळच्या हॉटेलात बसून बघायला मिळालं.

अण्णा आम्हाला तिथे दोसा खायला घेऊन गेले. संगमरवरी टेबल, वर पंखा. अक्कानं दोसा पूर्ण खाल्ला, चटणी पुन्हा मागून घेतली, आणि हात पुसता पुसता सहज म्हणाली, “माधवरावांना हा तुमचा दोसा आवडायचा नाही. पातळ भाकरी म्हणायचे त्याला.” मी आणि अण्णा तिच्याकडे बघतच राहिलो. मग ती बोलत सुटली. ते हिवाळ्यात एकावर एक दोन स्वेटर घालत आणि वरचा नवा असला तरी खालचा जुनाच चांगला म्हणत. आमटीत गूळ कमी पडला तर गुपचूप उठून स्वतःच घालत. कुत्र्यांना घाबरत, पण लग्नाआधी ते तिला सांगितलं नव्हतं. धरणाच्या पाण्याशेजारी राहून पोहता येत नसे. नाव घेताना ती प्रत्येक वेळी किंचित थांबायची, नवा दागिना घालून आरशात बघावं तशी, आणि मग पुढे बोलायची. अण्णा सावकाश हसायला लागले होते.

“आणि बेंगळुराला आले तेव्हा?” ती म्हणाली. “आठवतं ना, शीनू? एकदाच आले. कानडीचा गंध नाही. त्यांची अशी ठाम समजूत, की मराठी मोठ्यानं बोललं की कानडी माणसाला कळतं. स्टेशनावर हमालाशी इतक्या मोठ्यानं बोलले की पोलीस आला.”

“आठवतं,” अण्णा म्हणाले. “मग त्या पोलिसाशी त्याहून मोठ्यानं बोलले.”

आम्ही तिघंही हसत होतो तेव्हा वेटर टेबलाशी आला आणि त्यानं कानडीत विचारलं, आणखी काही हवं का. अक्का जन्मानं बेंगळूरची. तिची कानडी त्या वेटरपेक्षा चांगली असेल. तिनं मान वर केली, पाठ ताठ केली, आणि बसलेल्या घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून, सगळं हॉटेल वळून बघेल इतक्या मोठ्यानं, शुद्ध सातारच्या मराठीत म्हणाली, “तीन काफ्या आणा, साखर जरा जास्त घाला.”

वेटर क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग मान डोलावून आत गेला, आणि त्यानं तीन काफ्या आणल्या, गोड.